प्रकल्प नोंदी : चार नंबरचा प्लॉट

१५ ऑक्टोबर २०२४

वनखात्याचं परवानगीपत्र आलं. कोयना खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेली ही देवराई आणि तिला लागून असलेलं जंगल, दोन्हीकडची माती आणि पानं घ्यायची मुभा मिळाली. पण देवराईत कागद चालत नाही, तिथे गावाचा शब्द लागतो. दसरा होऊन तीनच दिवस झालेत, त्यामुळे गुरवकाका देवळातच भेटले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माती न्या मूठभर. पाला बी न्या, पण खाली पडलेला. हिरवं पान तोडायचं न्हाई. आमी हितली काटकी बी चुलीला लावत न्हाई."

माती-पानांतला नायट्रोजन मोजायच्या माझ्या प्रस्तावात लिहिलंय : उन्हातली, पूर्ण वाढलेली, हिरवी पानं. पडलेल्या पानाची अडचण अशी की झाड ते टाकायच्या आधी त्यातला सुमारे निम्मा नायट्रोजन परत ओढून घेतं. शिवाय जमिनीला टेकल्याबरोबर बुरशी आणि जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात, आणि मग पान झाडाचं राहत नाही, मातीचं होऊ लागतं.

रात्री विचार करून सकाळी परत गेले. "काका, वरून पडतं ते जमिनीला लागायच्या आधी मच्छरदाणीत झेललं तर?" ते हसले. "देव दितोय ते घ्या की!"

तर ठरलं. देवराईत झोळ्या बांधून पिवळी पानं, बाहेरच्या जंगलात हिरवीही आणि पिवळीही. एकाच झाडाच्या हिरव्या-पिवळ्या जोड्या मोजल्या की दोन्हींत किती फरक पडतो ते कळेल. गुरवकाकांच्या अटीमुळे प्रकल्प अडला नाही, उलट त्याला एक जास्तीची कसोटी मिळाली.

१९ ऑक्टोबर

सहा प्लॉट आखले. एक ते तीन देवराईत, चार ते सहा बाहेर. झाडं मुख्यतः अंजनी, जांभूळ, हिरडा. अधूनमधून गेळा. चार नंबरमध्ये तीन पांगारे, एका रांगेत. जमीन इतर ठिकाणांपेक्षा सपाट.

सोबतचे वाटाड्या मामा विचारत होते की हे नक्की काय मोजायचं. त्यांना सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, पुढे कामात येईल.

नायट्रोजनचे दोन टिकाऊ प्रकार आहेत, १४ वजनाचा हलका आणि १५ वजनाचा जड. हवेतल्या दहा लाख नायट्रोजन अणूंत जड असतात साधारण ३,६६३. हवा सगळीकडे सारखी, म्हणून तीच आपलं शून्य. माती किंवा पान यांच्यातलं जड-हलक्याचं गुणोत्तर हवेपेक्षा हजारात किती वर किंवा खाली, तो आकडा म्हणजे डेल्टा-१५, पर मिलमध्ये. +५ पर मिल ऐकायला भरपूर वाटतं, पण त्याचा अर्थ दहा लाखांत ३,६६३ च्या जागी ३,६८१. एवढ्याशा फरकावर सगळं उभं आहे.

फरक पडतो कशामुळे? मामांना सुपाचं उदाहरण लगेच पटलं. धान्य पाखडलं की फोल उडतं आणि दाणा मागे राहतो. मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, नायट्रेटचा वायू करतात, आणि प्रत्येक वेळी हलका अणू थोडा जास्त चपळाईने पुढे जातो. नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातं, वायू हवेत जातो, आणि जे मागे राहतं ते हळूहळू जड होत जातं. म्हणजे आपण मोजतो शिल्लक, पण कळतं ते गळतीबद्दल. मला या कामात सगळ्यात जास्त हेच आवडतं.

"म्हंजी सुपात काय ऱ्हायलं ते बघून वाऱ्याचा अंदाज," मामा म्हणाले. अगदी तेच.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली, पाऊस पूर्ण थांबला. आज चार आणि पाच नंबरचे खड्डे. थर तीन : ० ते १०, १० ते ३०, ३० ते ५० सेंमी. पाच नंबरला पस्तीस सेंमीवर कातळ लागला, तिसरा थर अपुरा.

चार नंबरची माती वेगळी आहे. इतर ठिकाणी वरची काळपट माती चार बोटं आणि खाली लगेच तांबूस. इथे काळेपणा वीतभर खाली जातो, माती भुसभुशीत, हातात घेतली की चुरा होते. अठरा सेंमीवर एक खापराचा तुकडा निघाला. पिशवीत घालून बाजूला ठेवला.

हिरवी पानं लांब काठीच्या आकड्याने काढली, जांभूळ आणि अंजनी, प्रत्येकी पाच झाडं. पांगाऱ्याचीही घेतली. त्याच्या मुळांवर गाठी असतात, गाठींतले जिवाणू थेट हवेतला नायट्रोजन धरतात, तेव्हा त्याचं पान शून्याच्या जवळपास, किंचित खाली यायला हवं. बाकीच्या झाडांना मातीतलंच घ्यावं लागतं.

अंजनीच्या बुंध्यावरचं शेवाळ थोडं खरवडून घेतलं. त्याचा मातीशी काही संबंध नाही, पावसातून आणि धुळीतून येईल तेवढ्यावरच ते जगतं. आमरी (ऑर्किड) मात्र एकही काढली नाही, बघून पुढे गेलो.

२२ नोव्हेंबर

झोळ्यांची तिसरी फेरी. एका झोळीत वानरांनी उड्या मारल्या असाव्यात, दोरी तुटून सगळं खाली. तो नमुना रद्द.

४ डिसेंबर

पानं ६० अंशांवर ओव्हनमध्ये, माती सावलीत पसरून. जास्त तापवलं तर अमोनिया उडून जाण्याचा धोका, म्हणून घाई नाही. माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढली, मुळांचे तंतू चिमट्याने वेचले. एका नमुन्याला दीड तास. बारीक मुळं राहिली तर आपण माती म्हणून झाडच मोजतो.

कार्बनचं काम करणारे सहकारी माती आधी आम्लात धुऊन घेतात. मी धुणार नाही. आम्लाबरोबर थोडा नायट्रोजनही विरघळून जातो आणि आकडा सरकतो. आमच्या मातीत चुनखडी नाहीच, मग हवंय कशाला?

१८ डिसेंबर

जड-हलका नायट्रोजन मोजणाऱ्या मशीनसाठी नमुन्यांची वजनं. कथलाच्या पातळ पत्र्याची वाटी, करंगळीच्या नखाहून लहान. तिच्यात पानाची पूड तीन ते चार मिलिग्रॅम, वरची माती वीसच्या आसपास, खालच्या थराची चाळीसच्या वर, कारण खाली नायट्रोजनच कमी. दोन चिमट्यांनी कडा दुमडायच्या, मग दाबून गोळी करायची. गोळी काळ्या काचेवर टाकून बघायची, पूड सांडली तर काचेवर दिसते. मग पुन्हा पहिल्यापासून.

आज श्वास रोखून बसायची सवय लागली. पंखा बंद, खिडकी बंद. संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीस गोळ्या. मान अवघडली, पण ट्रेमधल्या त्या चकचकीत रांगा बघून फार बरं वाटलं.

९ जानेवारी २०२५

आकडे आले. आणि काहीतरी मोठं चुकलंय.

सहा जांभळांची पानं चाळीस पर मिलच्या वर, एक तर नव्वदच्या पुढे. जंगलातलं पान असं असूच शकत नाही. मातीचे आकडे मात्र ठीक दिसतात. मशीनचीही चूक नाही. दर बारा गोळ्यांमागे लावलेली प्रमाणद्रव्यं, म्हणजे ज्यांचा आकडा आधीच माहीत असतो ती, बघितली, यूएसजीएस-४० उणे साडेचारवर आणि आयएईए-एन-२ अधिक २०.३ वर, दोन्ही जिथे असायला हवीत तिथेच.

फरक एकच : माती मी खलात कुटली होती आणि पानं एका सामायिक सुविधेतल्या गिरणीत दळून आणली होती.

११ जानेवारी

फोन करून विचारलं. माझ्या आधी त्याच गिरणीत खतांच्या प्रयोगाची रोपं दळली होती, मुद्दाम जड नायट्रोजन घातलेली. गिरणी ब्रशने झाडली होती, धुतली नव्हती. त्यांच्या प्रयोगात फरक शेकड्यांत मोजतात, त्यांना एवढी स्वच्छता पुरते. मला नाही पुरत.

हिशोब करून बघितला. रोपात दहा टक्के जड नायट्रोजन असेल तर त्याचा डेल्टा एकोणतीस हजार पर मिलच्या वर जातो. त्यातला हजारात एक भाग माझ्या पुडीत मिसळला तरी माझा आकडा सुमारे २६ ने वर. हजारात एक म्हणजे भांड्याच्या खाचेत अडकलेली चिमूटभर धूळ.

दळलेली सगळी पूड टाकून दिली, चांगले वाटणारे नमुनेही. "चांगला वाटतो" हा निकष धरला तर जो आकडा मला हवा तोच मी ठेवेन. अख्खी पानं प्रत्येक झाडाची थोडी राखून ठेवली होती, तेवढीच आता कामाला येणार. आईची सवय : डब्यातलं धान्य कधी पूर्ण संपू द्यायचं नाही. ती सवय आज उपयोगी पडली.

२ फेब्रुवारी

तीन आठवडे अॅगेट या कठीण दगडाच्या खलात हाताने. प्रत्येक नमुन्यानंतर भाजलेली वाळू घोटून टाकायची, पाणी, मग अल्कोहोल, मग कोरडं. जांभळाचं पान लवकर मोडतं. अंजनीचं चिवट, कातड्यासारखं, ते आधी कात्रीने बारीक चिरून घेतलं. हाताला फोड आले.

१९ फेब्रुवारी

नवे आकडे. सगळे माणसांत आले.

हिरव्या-पिवळ्या जोड्यांत फरक फारसा नाही, बहुतेक ठिकाणी मोजमापाच्या चुकीइतकाच. म्हणजे झाड पानातून नायट्रोजन परत ओढतं तेव्हा हलका-जड अशी निवड जवळजवळ करत नाही. झोळ्यांचं काम वाया गेलं नाही. हे गुरवकाकांना प्रत्यक्ष जाऊन सांगायचं आहे.

शेवाळ सगळ्यात खाली, शून्याच्या बरंच खाली. अपेक्षेप्रमाणे.

मातीत वरून खाली जाताना आकडा वाढत जातो. जंगलातल्या मातीत जगभर हेच दिसतं. वर ताजा पाला पडत राहतो, तो हलका, आणि खाली जुनं, पुन्हा पुन्हा पाखडलेलं शिल्लक.

पण पाच प्लॉटांत जांभळाची पानं शून्याच्या वर थोडीशीच, आणि चार नंबरमध्ये ती इतरांपेक्षा जवळपास तीन पर मिल जड. अंजनीही तशीच. मातीचा वरचा थरही जड, इतका की खालच्या थराशी जवळजवळ बरोबरीत. त्या ठिकाणी वर-खालचा उतारच नाहीसा झालाय.

पहिला संशय पुन्हा भेसळीचा. पण माती त्या गिरणीत गेलीच नव्हती, आणि माती-पान दोन्ही एकाच दिशेला सरकलेत. हे खरं आहे.

२५ फेब्रुवारी

चार दिवस वाचन. उष्ण प्रदेशातल्या जंगलांची पानं समशीतोष्ण जंगलांपेक्षा सरासरी सहा-साडेसहा पर मिलने जड असतात, कारण उष्ण जंगलांत नायट्रोजनची चलती जास्त आणि गळतीही जास्त. मग आमची पाच प्लॉटांतली पानं एवढी हलकी का?

याचं एक उत्तर हवाईतल्या माउई बेटावरच्या २००६ च्या अभ्यासात आहे. तिथे एकाच डोंगरावर २,२०० पासून ५,०५० मिलिमीटरपर्यंत पाऊस असलेली जंगलं तपासली. पाऊस वाढत गेला तशी माती आणि पानं हलकी होत गेली. वायू होऊन नायट्रोजन जात होताच, पण खूप ओल्या जागी जिवाणू नायट्रेट पूर्णच संपवून टाकतात. पंगतीत वाढलेलं ताट कुणी चाटूनपुसून संपवलं, तर आधी लाडू खाल्ला की भात, हे ताटावरून कळत नाही. निवड करायला काही उरलंच नाही तर निवडीची खूणही उरत नाही.

आमच्याकडे पाऊस पाच हजारांच्या घरात. त्या डोंगराच्या ओल्या टोकाशी जुळणारं. त्यामुळे पाच प्लॉटांचं मला कोडं वाटत नाही. कोडं चौथ्याचं आहे. तोच पाऊस, तोच डोंगर, तोच काळा पाषाण.

झाडाचे आकडे झाडाच्या बुरशी-सोबत्यांवरही अवलंबून असतात. बुरशी झाडाला हलका नायट्रोजन देते आणि जड आपल्याकडे ठेवते. पण जांभूळ सगळ्या प्लॉटांत जांभूळच आहे आणि मातीही जड आहे, म्हणून ती शक्यता मी मागे टाकते.

१६ मार्च

मामांनी आज खाली वस्तीवरच्या धनगर आज्जींकडे नेलं. चहा झाला. खापराचा तुकडा पिशवीतून काढून दाखवला आणि जागा सांगितली, तीन पांगाऱ्यांच्या रांगेची.

आज्जींनी तुकडा हातात घेतला, अंगठ्याने त्याच्यावरची माती पुसली, उलटा केला, परत सुलटा केला. मग म्हणाल्या, "अगं लेकी, तितं आमचा वाडा हुता. माझ्या सासऱ्यानं बांधल्याला. म्हशी, गाया, वासरं, समदी तितंच. त्ये पांगारं न्हवं, त्ये कुपान हाय आमचं. डांब रवलं, त्याला पालवी फुटली."

कधी सोडलात?

"भूकंप झाला न्हवं का, त्याच्या फुडल्या साली. म्या नवी नवरी हुते."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे वाडा १९६८ च्या सुमारास उठला. त्यानंतर सत्तावन्न पावसाळे त्या जमिनीवरून गेले.

लहानपणी आजोळी पहाटे गोठ्यात शिरलं की नाकाला झोंबायचा तो वास आठवला. तो वास म्हणजे अमोनिया. जनावर दिवसभर रानात चरतं आणि रात्री एका जागी मूत-शेण टाकतं. मुतातल्या युरियाचा काही तासांतच अमोनिया होऊ लागतो, तो उडतो, आणि उडताना हलका नायट्रोजन फार मोठ्या प्रमाणात घेऊन जातो. इतर कुठल्याही वाटेपेक्षा इथे सूप जास्त जोरात हलतं. मागे राहतो तो जड. आसपासच्या सगळ्या रानाचा नायट्रोजन एका आवारात गोळा करून त्याला वर्षानुवर्षं पाखडत ठेवायचं, म्हणजे वाडा.

५ एप्रिल

आज्जींचं बोलणं मला पूर्ण पटलंय, पण पटणं आणि सिद्ध होणं एक नाही. नुसती जंगलतोड झाली तरी नायट्रेट वाहून जातं आणि माती जड होते. तेव्हा दुसरा साक्षीदार हवा, आणि तो स्फुरद (फॉस्फरस). शेणातून स्फुरदही येतो, पण तो उडत नाही. आमच्या तांबड्या मातीतलं लोह त्याला घट्ट धरून ठेवतं. तोडीने स्फुरद वाढत नाही, गोठ्याने वाढतो.

आम्लधर्मी मातीतला स्फुरद मोजायची ब्रे पद्धत लावली. सहा परीक्षानळ्या रांगेत, थेंब टाकले आणि थांबले. जितका स्फुरद तितका निळा रंग. एक, दोन, तीन, पाच, सहा, सगळ्या आभाळासारख्या फिक्या. चौथी हळूहळू गडद होत गेली, शाईसारखी. आकडा यंत्रावर वाचायच्या आधीच मी मामांना फोन केला.

फ्रान्सच्या ईशान्येला लोरेन भागात जंगलाखाली रोमन काळातल्या शेतवाड्या सापडल्या आहेत. तिथली शेती थांबून सतराशे वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी जिथे वापर जास्त होता तिथली माती आजही जड आणि स्फुरदाने भरलेली, आणि तिच्यावर उगवणारी झाडझुडपंही निराळी. २००२ मध्ये छापलेला हा निबंध मी एम.एस्सी.ला असताना परीक्षेपुरता वाचला होता. काल पुन्हा वाचला, सावकाश.

२८ मे

पावसाआधीची माती जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची होती. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, घाट धुक्यात आणि वाट चिखलात. वर्षातल्या पहिल्या पावसाबरोबर जिवाणू एकदम जागे होतात, नायट्रेट उसळतं आणि वाहून जातं. ती उसळी मला पकडायची होती. हुकली. पुढच्या वर्षी वळवाच्या आधी, एप्रिलच्या अखेरीसच घ्यायची.

१२ जुलै

पांगाऱ्याची मुळं बघायला पावसातच गेलो. उन्हाळ्यात गाठी सुकतात, बघायच्या तर आत्ताच. बुंध्यापासून हातभर अंतरावर बोटांनी माती सारली. चिखलात मुळांचे तंतू, तंतूंवर मटकीएवढ्या गाठी. एक नखाने कापली. आत गुलाबी, डाळिंबाच्या दाण्यासारखी. जिवंत आहेत, हवेतला नायट्रोजन धरण्याचं काम चालू आहे.

पांगाऱ्याच्या पानाचा आकडा शून्याच्या किंचित खाली आला होता. इतर प्लॉटमध्ये असता तर तो आकडा निरुपयोगी होता, कारण तिथली जांभळंही शून्याच्या जवळ, दोघांत फरक कसा ओळखणार? चार नंबरमध्ये शेजारची जांभळं जड, म्हणून पांगारा वेगळा उठून दिसतो. गोठ्याने जमीन जड केली नसती तर हे इथे मोजताच आलं नसतं.

वाटेत देवळात थांबून गुरवकाकांना हिरव्या-पिवळ्या पानांचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "मग आता झोळ्या काडनार न्हाई ना?" नाही काढणार म्हटलं.

१७ ऑगस्ट

आज्जींना वर घेऊन गेलो. मामांनी आणि त्यांच्या मुलाने दोन अवघड जागी पाठीवर घेतलं, बाकी वाट त्या काठी टेकत स्वतः चढल्या. पांगाऱ्याच्या रांगेपाशी आल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग काठीने दाखवू लागल्या. हितं चूल. हितं म्हशी. दार तिकडं, उगवतीला. आणि ह्या कोपऱ्याला वासरं बांधायचो, वाघरू यायचं म्हणून आतल्या अंगाला.

पुढचं काम ठरलं. चुलीच्या जागेपासून चारी दिशांना दर पाच मीटरवर एक नमुना, कुंपणाच्या बाहेर चाळीस मीटरपर्यंत. वाड्याची हद्द आकड्यांत कुठे संपते ते बघायचं.

पहिला नमुना आज्जींनीच उकरून दिला, दहा सेंमीपर्यंत, माझ्या खुरप्याने. पिशवीवर क्रमांकाच्या खाली लिहिलं : वासरांची बाजू.